जोडीदाराविषयी बोलताना क्रियापदं दगा देतात, काय करावं?

प्रश्न (निनावी): ऑफिसात एवढ्यात सांगायचं नाही, पण खोटंही बोलायचं नाही. 'पार्टनर' शब्द चालून जातो, पण पुढे 'आला' की 'आली' म्हणावंच लागतं. दोघंही पुरुष आहोत हे न कळता मराठीत कसं बोलावं? आणि त्याचं नाव कागदोपत्री कुठे लावता येतं?

कर्मणी: 'ने' आणि 'ला' वापरा. 'पार्टनरने भाजी केली' यात क्रियापद भाजीच्या मागे जातं. 'पार्टनरला ताप आलाय', 'पार्टनरला सुट्टी मिळाली' हेही बिनधोक. भविष्यकाळ सोपा: 'येईल', 'येणार आहे'. पंचाईत होते ती आला, गेला, बसला यांची. शिवाय बोलणे, विसरणे, शिकणे यांना भूतकाळात 'ने' लागत नाही. तिथे 'पार्टनरचा निरोप होता' म्हणायचं. वर्तमानकाळही अवघड, म्हणून 'कुठे राहतो' ऐवजी 'घर बाणेरला आहे'.

'त्यांनी' लिंग लपवतं खरं, पण पुरुषाने जोडीदाराला अहो-जाहो केलं की सगळे माना वर करतात. सगळ्यात उत्तम 'आम्ही'.

दोनओळी: हे दोन-तीन वाक्यं टिकतं. पुढे सर्वनाम गायब आहे हे चहाच्या टेबलावर कळतंच. मुलीचं खोटं नाव मात्र सांगू नका. लगेच 'आडनाव काय? गाव कुठलं?' सुरू होतं, आणि सांगितलेलं सगळं वर्षभर लक्षात ठेवावं लागतं.

निनावी: आणि कागदपत्रं?

नॉमिनी: बँकेत नॉमिनी कुणालाही करता येतं. समलिंगी जोडीदारांना संयुक्त खातं आणि नॉमिनेशनला आडकाठी नाही, असं अर्थ मंत्रालयाने २८ ऑगस्ट २०२४ ला स्पष्ट केलंय. नात्याच्या रकान्यात 'मित्र' लिहिलं तरी चालतं. पीएफचं तसं नाही. योजनेच्या व्याख्येतलं कुटुंब, म्हणजे अवलंबून असलेले आईवडीलसुद्धा, असेल तर बाहेरचं नाव ग्राह्य धरत नाहीत. ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये नाव घालण्याआधी तो फॉर्म एचआरशिवाय कोण बघतं ते विचारा. साहेबाच्या मंजुरीच्या मेलमध्ये नातं छापून जाऊ शकतं.

नॉमिनीला पैसे हातात मिळतात, मालकी नाही. घरचे दावा लावू शकतात. म्हणून मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्यांनी. नोंदणी सक्तीची नाही, तरी करून ठेवा. साक्षीदार म्हणून जोडीदार नको.