केनी मिलर 'भाडोत्री' म्हणे!

सेंटरहाफ_सातारा:
काल इथे एका महाशयांनी स्कॉटिश फुटबॉलपटू केनी मिलरवर लिहिलं, "केनी मिलर म्हणजे भाडोत्री फॉरवर्ड, डझनभर क्लब फिरला, स्कॉटलंडसाठी ६९ मॅचमधे फक्त १८ गोल." वाचून डोकंच फिरलं. २००७ ला इंग्लंडच्या डर्बी क्लबला गेला, पहिल्याच मॅचला न्यूकॅसलविरुद्ध गोल, १-०, आणि डर्बी अख्ख्या सीझनमधे जिंकली ती तेवढीच एक मॅच! अकरा पॉइंटवाली टीम ती. २०१०-११ ला तर जानेवारीतच ग्लासगोची रेंजर्स सोडून तुर्कस्तानात बुर्सास्पोरला गेला तरी सीझन संपला तेव्हा स्कॉटिश लीगचा टॉप स्कोरर हाच, २१ गोल. बाकीचे मेपर्यंत काय गोट्या खेळत होते?

नऊनंबरी:
ते महाशय मीच. टॉप स्कोरर होता तर भर सीझनमधे गेला का? आणि २०१२ ची इंग्लंडमधली लीग कप फायनल सोयीने विसरलात, कार्डिफकडून पहिलीच पेनल्टी पोस्टला. स्कॉटलंडचाच मॅकफॅडन बघा, ४८ मॅचमधे १५, पॅरिसला जाऊन फ्रान्सला हरवलं. त्याला म्हणायचं फॉरवर्ड.

सेंटरहाफ_सातारा:
अहो करार संपत आलेला, उन्हाळ्यात फुकट गेला असता, क्लबने मिळतील ते पैसे घेतले. यात त्याचा काय गुन्हा?

पेठेतला_बॅक:
गोलाचं सोडा मर्दा. रेंजर्स, मग त्याच गावातली कट्टर दुश्मन सेल्टिक, परत रेंजर्स, हे कसं पचवायचं? सेल्टिककडून पहिला गोल रेंजर्सलाच, आणि २००८ ला परत येऊन सेल्टिकच्या घरात दोन. आमच्या कोल्हापुरात तालमींच्याच फुटबॉल टीम असतात, माझा चुलतभाऊ एका तालमीतून समोरच्या तालमीत गेला तर सहा महिने कोपऱ्यावर त्याला कोण चहा विचारत नव्हतं. आजीसुद्धा बोलायची नाही.

ग्लासगो_रिटर्न:
तुमचं पेठेपेठेचं वेगळं हो, तिथे कॅथलिक-प्रोटेस्टंट आहे, सेल्टिक कॅथलिकांची, रेंजर्स प्रोटेस्टंटांची. १९८९ ला सेल्टिकचा जुना खेळाडू, कॅथलिक मो जॉन्स्टन रेंजर्सला गेला तेव्हा लोकांनी स्कार्फ जाळले.

पेठेतला_बॅक:
म्हणजे आमचं किरकोळ? शाहू स्टेडियमला फायनलला येऊन बघा एकदा मग बोला.

ग्लासगो_रिटर्न:
किरकोळ कुठे म्हटलं? मी दोन वर्षं राहिलोय तिथे. पहिल्याच आठवड्यात टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठली टीम? रूममेटने आधीच पढवलेलं, "पार्टिक थिसल" म्हणायचं, ग्लासगोचाच तिसरा क्लब, कुणी मारत नाही. आणि मिलरसुद्धा २०१९ मधे शेवटी तिथेच खेळला की.

पेठेतला_बॅक:
असलं मधलं उत्तर आमच्याकडे चालत नाही. तालीम सांगायची, नाहीतर गप बसायचं.

नऊनंबरी:
धागा मिलरचा आहे ना? की तालमींचा?

सेंटरहाफ_सातारा:
मिलरचाच. वेम्ब्ली, ऑगस्ट २०१३, इंग्लंडविरुद्ध. वय ३३, पाठीवर त्यांचा डिफेंडर केहिल, एका वळणात त्याला मागे टाकून डाव्या पायाने कोपऱ्यात. वर्ल्ड कप नाही, युरो नाही, अशा काळात हा माणूस बारा वर्षं येत राहिला. आणि तुम्ही त्याला भाडोत्री म्हणता.

नऊनंबरी:
बरं, तो गोल चांगला होता, घ्या. मॅच ३-२ हरले, तेही लिहा.

पेठेतला_बॅक:
चुलतभाऊ आता परत आलाय आमच्या तालमीत. आजी अजून बोलत नाही.