रब्बींचा ग्रंथसंग्रह: नातवाचा वारसा की समाजाची ठेव?

जुनी पानं
ब्रुकलिनच्या खबाद-ल्युबाविच या ज्यू पंथाच्या ग्रंथालयाच्या खटल्यावर मतं हवी आहेत. सहावे रेब्बे, म्हणजे पंथाचे प्रमुख रब्बी (धर्मगुरू), योसेफ यित्झाक श्नेरसन १९५० साली वारले. १९८५ च्या सुमारास त्यांच्या मुलीच्या मुलानं संग्रहातले चारेकशे ग्रंथ परस्पर नेले आणि त्यातले काही विकले. त्यात १७५७ सालचा सचित्र हग्गादा होता, म्हणजे वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरात जेवणाच्या वेळी वाचतात ती पोथी. एका स्विस व्यापाऱ्यानं तो ६९,००० डॉलरला घेतला, आणि त्याला लगेच दीड लाखाच्या आसपास देणारा गिऱ्हाईक भेटला. जानेवारी १९८७ मध्ये न्यायाधीश चार्ल्स सिफ्टन यांनी निकाल दिला की संग्रह रेब्बेंची खासगी मालमत्ता नव्हता, तो अनुयायांच्या संघटनेकडे समाजासाठी होता. अपिलातही निकाल कायम राहिला.

मला हा निकाल पूर्ण पटतो. अशा ग्रंथाची किंमत चढते ती मालकाच्या नावामुळे, आणि ते नाव अनुयायांच्या श्रद्धेनं मोठं झालेलं असतं. त्याचा नफा एका घरानं खाणं चूक आहे.

वारसाहक्क
सहमत नाही. नाव कशामुळे मोठं झालं यावर मालकी ठरायला लागली तर गवयाचा तानपुराही श्रोत्यांचा होईल. या खटल्यात दानपत्र नव्हतं. मुख्य भिस्त होती १९४६ च्या एका पत्रावर. रेब्बेंनी ते ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरीचे ग्रंथपाल अलेक्झांडर मार्क्स यांना लिहिलं होतं. पोलंडमध्ये अडकलेले ग्रंथ अमेरिकी सरकारच्या मदतीनं सोडवायचे होते. एका माणसाच्या खासगी पुस्तकांसाठी परराष्ट्र खातं हललं नसतं, म्हणून ‘संघटनेचे ग्रंथ’ असं लिहिलं गेलं. गरजेपोटी लिहिलेल्या ओळीला खरेदीखताचं वजन देऊ नये.

दस्तऐवज
वारसाहक्क, नेमका हाच युक्तिवाद कोर्टात झाला आणि फेटाळला गेला. पत्र कळकळीनं लिहिलेलं आहे, आणि अशा योग्यतेचा धर्मगुरू मनात एक ठेवून दुसरं लिहील हे संभवत नाही, असं न्यायाधीशांनी म्हटलं. शिवाय रेब्बेंची मुलगी खाया मुश्का यांची साक्ष बघा: ग्रंथ अनुयायांचे होते, कारण माझे वडीलच अनुयायांचे होते. त्याही वारसच होत्या. स्वतःच्या हक्काविरुद्ध दिलेल्या साक्षीला वजन असणारच.

बांधणी
दोन्ही बाजू ग्रंथ न उघडताच भांडताहेत. ‘अमुक रब्बींची प्रत’ या दाव्याची आधी तपासणी करा, मग मालकी.

सालापासून सुरुवात. छापील हिब्रू ग्रंथाच्या शीर्षकपानावर पुष्कळदा बायबलचं एखादं वचन असतं आणि त्यातली काही अक्षरं मोठी किंवा वर ठिपके दिलेली असतात. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकडा असतो; फक्त या अक्षरांच्या आकड्यांची बेरीज करायची, म्हणजे हिब्रू वर्ष मिळतं. ताव-कोफ-योद-झाइन म्हणजे ४००+१००+१०+७ = ५१७. हजारांचा आकडा गाळलेला असतो, म्हणून १२४० मिळवले की इसवी सन १७५७ येतं. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बदलतं, त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंतचं काम असेल तर १७५६ धरा. झेरॉक्सवरून वाचताना ठिपके उडतात आणि बेरीज चुकते. मूळ पानच बघा.

मग नाव. अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यू, घरांत मुलाला वारलेल्या आजोबा-पणजोबांचं नाव देतात. त्यामुळे तेच नाव, तेच आडनाव दोन पिढ्यांनी पुन्हा येतं. ‘बेन’ (मुलगा) या शब्दापुढचं वडिलांचं नाव जुळल्याशिवाय प्रत थोरल्या रब्बींची म्हणू नका. समासातल्या टिपा शिष्याच्याही असू शकतात.

शेवटी शाई. जुन्या कागदातली सरस गेलेली असते, त्यावर अलीकडे केलेली सही टिपकागदावर पडल्यासारखी फुटते. कसरीच्या भोकाच्या कडेत शाई झिरपली असेल तर लिखाण भोकानंतरचं. भोकानं अक्षर स्वच्छ तोडलं असेल तर आधीचं. टिपांची अक्षरं कडेला अर्धी कापली गेली असतील तर त्या बांधणीपूर्वीच्या, कारण नव्यानं बांधताना कडा छाटतात. हे पुरावे टिकवायचे तर पुन्हा बांधणी करूच नका.

एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. हिब्रू ग्रंथांवरच्या मालकीच्या नोंदीची सुरुवात बरेचदा ‘पृथ्वी आणि तिच्यातलं सर्व परमेश्वराचं’ या २४ व्या स्तोत्राच्या ओळीनं होते, आणि मालकाचं नाव त्याच्या खाली येतं.

वारसाहक्क
शाईचं सगळं मान्य. पण त्या ओळीवरून मालकी सुटत नाही. आपल्याकडे वहीच्या माथ्यावर ‘श्री’ लिहितात, म्हणून दुकान देवाचं होत नाही. उलट खाली नाव घालणं हीच मालकीची खूण आहे. संग्रह समाजाला द्यायचा असेल तर हयातीतच यादी करावी, घरची पुस्तकं वेगळ्या कपाटात ठेवावीत आणि उरलेल्यांवर संस्थेचा शिक्का मारावा. तो शीर्षकपानाच्या मागे आणि आतल्या एका ठरलेल्या पानावर मारावा, म्हणजे एक पान फाडून भागत नाही.

नवगाव
वारसाहक्क, तुमचं तत्त्व मॉस्कोला लावून पाहा. याच घराण्याचा आधीचा संग्रह, सुमारे १२,००० ग्रंथ आणि ३८१ हस्तलिखितं, पहिल्या महायुद्धात सुरक्षित राहावा म्हणून मॉस्कोला ठेवला गेला आणि क्रांतीनंतर सरकारजमा झाला. वारस नाही, म्हणून राष्ट्राचा, अशी रशियाची भूमिका. २०१३ साली अमेरिकी कोर्टानं रोज ५०,००० डॉलर दंड लावूनही ग्रंथ ब्रुकलिनला गेले नाहीत. तिथे दावा उभा आहे तो समाजाच्या हक्कावरच.

आणि आपल्या घरचंही बघू या. बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंचे, मराठी हग्गादे, १८४६ चा मुंबईचा शिळाछाप, १८७४ चा पुण्याचा, हे कुणा मोठ्या रब्बींच्या नावाविनाही दुर्मिळ आहेत. कोकणातल्या एखाद्या पेटीत सापडला तर चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. द्राक्षरसाचे डाग पुसू नका, तो ग्रंथ वल्हांडणाला खरोखर वाचला गेल्याची ती खूण आहे. आम्लमुक्त कागदात गुंडाळून आडवा ठेवा.

वारसाहक्क
मॉस्कोचं पटलं. सरकारला त्यावर हक्क नाही. पण मराठी हग्गादा ज्या घरात सापडेल त्या घराचाच, हे मी सोडणार नाही. छायाप्रती संस्थेला द्याव्यात, मूळ प्रत घरी राहावी.

बांधणी
घरी राहावी, पण माळ्यावर नको. पावसाळ्यात बुरशी धरते.