हळद-बेदाण्याच्या दुकानाची साइट: सॉफ्टवेअर कुठलं, होस्टिंग कुठलं?

पेठभागकर:
सांगलीत किरकोळ आणि घाऊक दुकान आहे. हळकुंड, हळद पावडर, बेदाणा मिळून १४ प्रकारचा माल. ऑर्डरी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. साइट मराठी-इंग्रजी दोन्हीत हवी. एक डिझायनर वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर), वूकॉमर्स (त्यावर दुकान चालवायचं प्लगइन) आणि 'अनलिमिटेड' होस्टिंग (साइट ठेवायची सर्व्हरवरची जागा) सांगतोय, डोमेन म्हणजे साइटचं नाव त्याच्याच खात्यात घेणार म्हणतो. दुसरा शॉपिफायवर, म्हणजे भाड्याने मिळणाऱ्या तयार ऑनलाइन दुकानावर, अडून बसलाय. सौद्यात भाव हलला की आमचेही भाव बदलतात. काय घ्यावं?

कृष्णाकाठ:
सगळ्यात आधी डोमेन. ते दुकानाच्या नावावर, तुमच्या ईमेलने आणि तुमच्या खात्यात घ्या. डिझायनरला फक्त नेमसर्व्हर किंवा ए रेकॉर्ड, म्हणजे डोमेन कुठल्या सर्व्हरकडे वळवायचं ती नोंद, बदलायला द्या. होस्टिंग उद्या बदलता येतं, पण दुसऱ्याच्या खात्यातलं डोमेन सोडवून घेताना नाकी नऊ येतात. डोमेन आणि होस्टिंग शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवा. आणि पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, नूतनीकरणाचा दर विचारा. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा.

शॉपिफायचं महिन्याचं भाडं कायमचं मागे लागतं. शिवाय बाहेरचं पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेणारी सेवा) जोडलं की गेटवेचं शुल्क वेगळं आणि शॉपिफायचं वेगळं. १४ मालांसाठी मी तरी नाही घेणार. पण अपडेट, बॅकअप बघायला दुकानात कुणीच नसेल, तर तेच बरं.

विश्रामबाग_वेब:
'अनलिमिटेड' शब्दावर जाऊ नका. जागा अमर्याद म्हणतात, पण फाइलींच्या संख्येला, म्हणजे आयनोडला, मर्यादा असते. वर्डप्रेस एका फोटोच्या वेगवेगळ्या मापाच्या प्रती करतं, वूकॉमर्स त्यात भर घालतं; एका फोटोच्या आठ-दहा फाइली सहज होतात. त्यात होस्टिंगवाल्याचे बॅकअपही तिथेच साठले की कोटा संपतो. प्रोसेसर आणि मेमरीचीही मर्यादा असतेच. दिवाळीच्या तोंडावर गर्दी झाली आणि पानावर ५०८ क्रमांकाची एरर दिसली, तर समजायचं ही मर्यादा ओलांडली.

घेताना एवढं विचारा: सर्व्हर मुंबईत आहे का, पीएचपी मेमरी (वर्डप्रेस चालायला लागणारी) २५६ एमबी मिळेल का, रोजचा बॅकअप किती दिवस ठेवतात आणि तो परत चढवायचे पैसे घेतात का. एसएसएलसाठी (साइट सुरक्षित 'https'ने उघडायला लागणारं प्रमाणपत्र) वेगळे पैसे मागितले तर उठा तिथून. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं प्रमाणपत्र फुकट असतं, मुदत संपायच्या आत आपोआप नवं होतं. फक्त डोमेन सर्व्हरकडे नीट वळवलेलं पाहिजे, नाहीतर नूतनीकरण अडतं.

फोटो मोबाइलवरून थेट चढवू नका. रुंदी १२०० पिक्सेल, वेबपी फॉरमॅट, १५० केबीच्या आत.

बेदाणा_बाईट:
कार्ट (साइटवरच ऑर्डर आणि पैसे घ्यायची सोय) आत्ता लागतंच का? पहिले काही महिने नुसतं वर्डप्रेस, प्रत्येक मालाचं एक पान आणि खाली व्हॉट्सअ‍ॅप ऑर्डरचं बटण, एवढं पुरे. वूकॉमर्स आलं की पेमेंट, परतावा, कुरिअर सगळं अंगावर येतं. त्याच्या मूळ प्लगइनमध्ये वजनाच्या टप्प्यानुसार कुरिअर दर नाहीत. ठरीव दर, मोफत आणि दुकानातून नेणे एवढंच. २०० ग्रॅमची पुडी आणि १५ किलोचा बॉक्स एकाच दरात गेला तर तोटा ठरलेला. दोन्हीला वेगळा शिपिंग क्लास, म्हणजे कुरिअर दराचा गट, करावा लागतो.

कॅशे प्लगइन (पानांच्या तयार प्रती साठवून साइट वेगवान करणारं) टाकलंत तर कार्ट, चेकआउट आणि खात्याचं पान त्यातून वगळा. नाहीतर एकाचं कार्ट दुसऱ्याला दिसतं.

विश्रामबाग_वेब:
कार्टबद्दल सहमत. पण भाव वारंवार बदलायचे असतील तर वूकॉमर्सचाच फायदा आहे. माल सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणारी साधी तक्त्याची फाइल) एक्स्पोर्ट करा, भावाचा रकाना बदला, परत इम्पोर्ट करा. इम्पोर्ट करताना 'आधीचा माल अपडेट करा' ही खूण न विसरता करायची. विसरलात तर आधीच्या ओळी नुसत्या वगळल्या जातात आणि भाव जुनेच राहतात. एक्सेलमधून सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' निवडा, साध्या सीएसव्हीत मराठी नावांची प्रश्नचिन्हं होतात.

पेठभागकर:
आमची भावपत्रकं श्रीलिपीत टाइप केलेली आहेत. ती तशीच चिकटवली तर चालतील? आणि मराठीसाठी आणखी काय बघायचं?

कृष्णाकाठ:
नाही चालणार. श्रीलिपीतला मजकूर दुसऱ्याच्या मोबाइलवर अगम्य चिन्हं होऊन दिसतो, आणि गुगलला तो सापडतही नाही. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर वाचता येणाऱ्या मराठीत, बदलून घ्या. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार चुकवतो, त्यामुळे एकदा डोळ्यांखालून घाला.

फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोनच जाडी, फाइली स्वतःच्या सर्व्हरवर. थीममध्ये शीर्षकाला अक्षरांमधलं अंतर दिलेलं असेल तर ते शून्य करा. इंग्रजीला शोभतं ते, मराठीत शिरोरेघ तुटते. ओळींतलं अंतर १.६ च्या आसपास ठेवा, नाहीतर खालच्या ओळीच्या मात्रा वरच्या उकारांना भिडतात.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत द्या. देवनागरीचं एक अक्षर किंवा मात्रा लिंकमध्ये नऊ चिन्हांची होते आणि वर्डप्रेस तो पत्ता २०० चिन्हांवर कापतं. म्हणजे मात्रा धरून बावीसेक अक्षरं, पुढचं गेलं. शिवाय कॉपी केल्यावर टक्क्यांच्या चिन्हांची मालगाडी दिसते, गिऱ्हाइकाला ती फसवणुकीची लिंक वाटते.

दोन भाषांसाठी पॉलीलँग हे प्लगइन फुकट आहे, पण वूकॉमर्सचा माल दोन्ही भाषांत हवा तर त्याची जोड विकत घ्यावी लागते. खर्चात धरा.

बेदाणा_बाईट:
पुड्या विकणार तर १४ अंकी एफएसएसएआय क्रमांक (अन्न परवान्याचा), निव्वळ वजन आणि एमआरपी प्रत्येक मालाच्या पानावर हवेत. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, पण ते चिन्ह साइटवर लावण्याआधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

पेठभागकर:
ठरलं. डोमेन माझ्या नावावर, वर्डप्रेस, मुंबईचा सर्व्हर, कार्ट नंतर. डिझायनरला आजच सांगतो.

विश्रामबाग_वेब:
कार्ट लावाल तेव्हा ऑर्डरचे ईमेल एसएमटीपी प्लगइनमधून, म्हणजे खऱ्या मेल सर्व्हरमार्फत, पाठवा आणि डोमेनला एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्या डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी) जोडा. नाहीतर ऑर्डरचे मेल स्पॅममध्ये पडून राहतील आणि गिऱ्हाईक फोन करेपर्यंत तुम्हाला पत्ताच लागणार नाही.