मदत हवी आहे: सिरॅमिक ग्रिलमध्ये मंद आचेवर दीर्घकाळ शिजवण्यासाठी कोणता कोळसा घ्यावा?

बेलापूरकर:

नमस्कार मंडळी,

बेलापूर येथील आमच्या बैठ्या घराच्या उघड्या अंगणात आम्ही जाड भिंतींचे, अंड्याच्या आकाराचे सिरॅमिक ग्रिल वापरतो. कबाब, पापलेट, पनीर अशा झटपट होणाऱ्या पदार्थांसाठी जवळच्या वखारीतला लाकडी कोळसा उत्तम चालतो आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. अडचण येते ती बोकडाची अख्खी रान किंवा हाडासकट पोर्कचा खांदा ११० ते १२० अंश सेल्सिअसवर सहा ते दहा तास ठेवायचा असतो तेव्हा. सुरुवातीचा काही काळ तापमान अगदी स्थिर राहते, मग ते हळूहळू उतरू लागते आणि खालची झडप पूर्ण उघडली तरी पुन्हा चढत नाही. आत पाहावे तर कोळसा भरपूर शिल्लक असतो, मात्र त्याखालच्या जाळीची भोके राखेने आणि चुऱ्याने बुजलेली असतात. शिवाय पहिला तासभर पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर निघतो आणि त्याची कडवट चव मांसाच्या वरच्या थराला लागते.

माझ्यासमोर सध्या तीन पर्याय आहेत. पहिला म्हणजे वखारीतलाच कोळसा, जो बहुतेक बाभूळ आणि वेडी बाभूळ यांचा मिश्र असतो. दुसरा, नारळाच्या करवंटीच्या कोळशाच्या दाबून केलेल्या वड्या, म्हणजे ब्रिकेट. तिसरा, परदेशातून येणारा कठीण लाकडाचा मोठ्या तुकड्यांचा कोळसा, जो इतका महाग पडतो की मांसापेक्षा इंधनाचाच खर्च अधिक व्हावा. ग्रिलसोबत आलेल्या पुस्तिकेत केवळ ‘नैसर्गिक तुकड्यांचा कोळसा वापरा, पेटवण्यासाठी रॉकेल किंवा तत्सम द्रव वापरू नका’ एवढेच लिहिले आहे. द्रवाविषयीची सूचना मला पटते, कारण सच्छिद्र सिरॅमिकमध्ये तो वास मुरला की सहजासहजी जात नाही. परंतु कोळसा निवडताना नेमके काय पाहायचे, आणि महाग कोळसा न घेता आपल्याकडच्या कोळशात हे काम नीट होऊ शकते का, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

घोडबंदर रोड:

आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे कोळशाचीच आहेत, ग्रिलची नव्हेत. मात्र त्यांची कारणे वेगवेगळी असल्यामुळे ती स्वतंत्रपणे पाहावीत.

आधी धुराविषयी. लाकूड अपुऱ्या हवेत तापवून कोळसा करताना भट्टीचे तापमान जितके वाढत जाते, तितके लाकडातले बाष्पनशील पदार्थ निघून जातात आणि कार्बनचे प्रमाण वाढते. ३०० अंशांच्या आसपास थांबवलेल्या कोळशात असे पदार्थ सुमारे ३० टक्के उरतात, तर ५०० अंशांपर्यंत नेलेल्या कोळशात ते सुमारे १३ टक्क्यांवर येतात. पहिला कोळसा पटकन पेट घेतो. दुसरा पेटायला वेळ लावतो, पण स्वच्छ जळतो. कबाबवाल्याची शेगडी उघडी असते, तो पंख्याने वारा घालतो आणि त्याला लवकर फुलणारा निखारा हवा असतो. त्यामुळे वखारवाला ज्याला ‘चांगला माल’ म्हणतो, तो पुष्कळदा नेमका पहिल्या प्रकारचा असतो, आणि यात त्याची लबाडी काहीच नाही, कारण त्याचे बहुतेक गिऱ्हाईक तेच मागते. आपल्या ग्रिलमध्ये मात्र मंद आचेसाठी हवा मुद्दाम कोंडलेली असते. अशा कोंडलेल्या हवेत ते बाष्पनशील पदार्थ पूर्ण जळत नाहीत आणि पांढऱ्या धुराच्या रूपाने मांसावर बसतात. म्हणून तापमान स्थिरावून धूर विरळ, निळसर किंवा जवळजवळ अदृश्य होईपर्यंत मांस आत ठेवूच नये.

वखारीत तुकडा हातात घेऊन पाहता येतो, हा ऑनलाइन खरेदीपेक्षा मोठा फायदा आहे. पूर्ण भाजलेला कोळसा हलका आणि काळाभोर असतो, त्याचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो, आणि तोडल्यावर आतला भाग चमकदार दिसतो. तपकिरी छटा, जड वजन किंवा चिवट तंतू दिसले तर तो कच्चा कोळसा समजावा.

आता राखेविषयी, जी माझ्या मते आपली खरी अडचण आहे. चांगल्या तुकड्यांच्या कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३ टक्के असते. सालीसकट जाळलेले लाकूड असेल, किंवा मातीने लिंपलेल्या भट्टीतली माती कोळशाला चिकटून आली असेल, तर ते बरेच वाढते. हे घरी तपासता येते: अर्धा किलो कोरडा कोळसा साध्या शेगडीत पूर्ण जळू द्यावा आणि राख थंड झाल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावी. पंधरा-वीस ग्रॅम भरली तर कोळसा उत्तम आहे. पन्नासच्या पुढे गेली तर तो कबाबांसाठीच ठेवावा.

झाडाच्या जातीपेक्षा तुकड्यांचा आकार अधिक महत्त्वाचा आहे, हे माझे ठाम मत आहे. बाभूळ आणि वेडी बाभूळ ही दोन्ही कठीण लाकडे असून त्यांचा कोळसा या कामाला कुठेही कमी पडत नाही. कच्छमधून वेडी बाभळीचा कोळसा मोठ्या प्रमाणावर येतो. पोते थेट ग्रिलमध्ये ओतण्याऐवजी रुंद भोकांच्या चाळणीतून चाळावे. मुठीएवढे तुकडे हाताने तळाशी रचावेत, मधल्या फटींत लहान तुकडे घालावेत आणि चुरा आत जाऊच देऊ नये. पेटी गच्च भरावी, कारण आच कोळशाच्या साठ्यावर नव्हे, तर आत येणाऱ्या हवेवर ठरते. वरच्या थरात मधोमध दोन-तीनच निखारे फुलवून ठेवले म्हणजे विस्तव सावकाश खाली आणि बाजूंना सरकत जातो. सिरॅमिक एकदा जास्त तापले की लवकर निवत नाही, त्यामुळे इच्छित तापमानाच्या वीसेक अंश आधीच झडपा आवळायला सुरुवात करावी.

बेलापूरकर:

मनःपूर्वक आभार. दोन शंका राहतात. करवंटीच्या वड्यांविषयी आपण काही लिहिले नाही. आणि पावसाळ्यात पोते पोर्चमध्ये ठेवले तरी कोळसा सर्द होतो; त्यावर उपाय काय?

नेरूळची सुगरण:

वड्यांविषयी मी सांगते, कारण आमच्याकडे त्या नियमित वापरल्या जातात. सगळ्या सारख्याच आकाराच्या असल्यामुळे आच अतिशय एकसारखी राहते, हा त्यांचा मोठा गुण आहे. परंतु त्या स्टार्चसारखे काहीतरी घालून बांधलेल्या असतात आणि त्यांची प्रत उत्पादकागणिक बदलते. वर सांगितलेली राखेची चाचणी त्यांनाही लावावी. राख कमी निघाली तर बेलाशक वापराव्यात. त्या मांडताना मात्र हवा खेळायला फटी राहतील अशा बेताने रचाव्यात. वड्यांना स्वतःचा गंध जवळपास नसतो, म्हणून मी वाळलेल्या पेरूच्या किंवा आंब्याच्या लाकडाचे दोन-तीन तुकडे मध्ये पेरते. रंगवलेले लाकूड किंवा प्लायवूड चुकूनही घालू नये.

परदेशी कोळशाविषयी मी घोडबंदरकरांपेक्षा थोडी उदार आहे. राख कमी आणि तुकडे मोठे असतील, तर वर्षातून एखाद्या मोठ्या बेतासाठी तो घ्यायला हरकत नाही. रोजच्या वापरासाठी मात्र गरज नाही.

सर्द कोळशाविषयी: कोळसा हवेतला ओलावा शोषतो आणि दमट हवेत त्याचे प्रमाण ५ ते १० टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. हा ओलावा उडवण्यातच सुरुवातीची उष्णता खर्च होते. मे महिन्यातच चार महिन्यांचा कोळसा घेऊन, एक दिवस कडक उन्हात पसरून, घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिक पिंपात भरून ठेवावा. स्वयंपाक झाल्यावर दोन्ही झडपा बंद केल्या की निखारे विझतात आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी वापरता येतो. तो ढवळून आधी खालची राख पाडावी, मगच नवा घालावा. हा उरलेला कोळसा पिंपात परत टाकायचा असेल, तर तो पूर्ण निवल्याची दुसऱ्या दिवशी हाताने खात्री करून घ्यावी.

पाऊस आला म्हणून ग्रिल बंदिस्त पोर्चमध्ये किंवा गॅलरीत ओढू नये. धुमसणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झडपा बंद केल्यानंतरही तो काही वेळ निघतच राहतो. तसेच दीर्घकाळ बंद असलेले झाकण उघडताना आधी दोन बोटे उचलून थोडी हवा आत जाऊ द्यावी. एकदम उघडल्यास आत कोंडलेले वायू भडकून ज्वाळा थेट अंगावर येते.