धाकट्या भावाची दारू: शेंडेफळ असणं हेच कारण का? मदत हवी आहे

माझं माहेर बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, मला निपाणीला दिलंय. आम्ही तिघं: दादा, मी आणि बारका. बारका ३१ वर्षांचा. चार वर्षं झाली, रोज पितो. आता सकाळी हात इतके थरथरतात की घोटभर घेतल्याशिवाय चहाचा कप धरता येत नाही.

घरात सगळ्यांचं एकच, "शेंडेफळ, आईनं लाडानं बिघडवला." आई ऐकून घेते. मलाही तसंच वाटायचं. पण परवा बसून आठवत गेले. अण्णांची दारू हाताबाहेर गेली तेव्हा दादा पुण्याला नोकरीवर, माझं लग्न झालेलं. बारका आठवीत. रात्री अण्णांना उचलून आणायला तोच जायचा. चोर्ला घाटाच्या वाटेनं आलेली गोव्याची स्वस्त बाटली घरात असायचीच. आणि पहिला घोट त्याला दादानंच दिला, गणपतीत, "मोठा झालास आता" म्हणून. घर एकच, पण आमच्या वाट्याला आलं ते वेगळं आणि त्याच्या वाट्याला वेगळं.

स्वीडनमधल्या नोंदींत दारूमुळे दवाखान्यात दाखल होणाऱ्यांत थोरल्यांपेक्षा धाकट्यांचं प्रमाण जास्त दिसलं, असं वाचलं. म्हणजे हे टळणारं नव्हतंच का?

दादा म्हणतो, आठ दिवस खोलीत कोंडू, आपोआप सुटेल. मला भीती वाटते. कुठं न्यावं? कन्नड त्याला कामापुरतं येतं, मनातलं मात्र मराठीतच बोलेल.

प्रतिसाद:
ताई, कोंडू नका! रोज पिणाऱ्याची एकदम तोडली तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. सकाळची थरथर हीच खूण आहे. आधी डॉक्टरांकडे, औषधाखालीच सोडवायची. धारवाडला डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची सरकारी संस्था जवळ. मराठीतूनच उपचार हवे तर पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र, १९८६ पासून चालू आहे. १४४४६ ही नशामुक्तीची मोफत हेल्पलाइन.

जन्मक्रमाचं म्हणाल तर नोंदी हजारोंच्या असतात, त्यावरून एकट्या बारक्याचं ठरत नाही. वडिलांची दारू, लवकर लागलेली चव, थोरल्यानं घातलेला पायंडा, हे जास्त वजनाचं. दादालाही सोबत न्या, पण दोष द्यायला नव्हे.

धागाकर्ती:
दादाशी बोलले. कोंडायचं रद्द. उद्या बेळगावात डॉक्टरांना दाखवून पुढचं ठरवतो. बारका म्हणाला, "आक्का, तू असशील तर येतो."