'अन्य भाषा' म्हणजे नेमकी कोणती भाषा?

शंका : मराठी बायबलमध्ये 'अन्य भाषा बोलणे' असं येतं. 'अन्य' म्हणजे दुसऱ्या देशाची भाषा, की कोणालाच न कळणारी? आणि इंग्रजीत तिथे 'टंग' हा जिभेचा शब्द कसा?

उत्तर : आधी जिभेचं बघू. मूळ ग्रीक शब्द 'ग्लोस्सा'. तोंडातली जीभ तीच आणि भाषाही तीच. हिंदी-उर्दूतली 'जबान' दोन्ही अर्थ सांभाळते. आपण जबान देतो, पोलीस जबानी घेतात, पण 'मराठी जबान' कोणी म्हणत नाही. त्यामुळे मराठी भाषांतरात 'भाषा' आली ते योग्यच झालं.

खरी गोम 'अन्य'मध्ये आहे. बायबलच्या नव्या करारातलं पुस्तक 'प्रेषितांची कृत्ये', त्याच्या अध्याय 2 मध्ये पेंटेकॉस्ट या यहुदी सणाच्या दिवशी यरुशलेमेत येशूचे शिष्य बोलू लागतात, तिथे ग्रीकमध्ये 'हेतेराइस', म्हणजे 'इतर', हा शब्द खरोखर आहे. पार्थी, मेदी, एलामी अशा परगावच्या लोकांना आपापली बोली ऐकू येते. त्यासाठी शब्दही वेगळा आहे, 'डायलेक्टोस'. काहीजण 'हे नवा द्राक्षारस प्यायलेत' म्हणून टर उडवतात, तेव्हा त्या शिष्यांपैकी पेत्र सांगतो की अजून सकाळचे नऊच वाजलेत.

प्रेषित पौलाने साधारण इ.स. 55च्या सुमारास ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पहिल्या पत्राचा 14वा अध्याय मात्र वेगळा आहे. तिथे बहुतेक ठिकाणी नुसतं 'ग्लोस्सा' आहे. 'अन्य' भाषांतरकारांनी अर्थ लावून घातलेला आहे. पौल म्हणतो, असं बोलणारा माणसांशी नव्हे, देवाशी बोलतो. कोणाला समजत नाही. म्हणजे यरुशलेमेत ऐकणाऱ्याला आपोआप कळलं, करिंथात अर्थ सांगणारा लागतो. एकाच मराठी शब्दाखाली या दोन गोष्टी आल्या, म्हणूनच तुमचा गोंधळ झाला. माझ्या मते करिंथच्या ठिकाणी 'आत्म्याची वाणी' जास्त जवळचं झालं असतं.

शंका : मग पौलाचा त्याला विरोध होता का?

उत्तर : मुळीच नाही. 'मी तुम्हा सर्वांपेक्षा अधिक बोलतो' असं तो देवाचे आभार मानून सांगतो. त्याला ते दानच वाटतं, फक्त त्याने बोलणाऱ्याची स्वतःची उन्नती होते, मंडळीची नाही. म्हणून सभेत दोघांनी, फार तर तिघांनी, तेही पाळीपाळीने बोलावं, आणि अर्थ सांगणारा नसेल तर गप्प राहावं. मंडळीत दहा हजार न कळणाऱ्या शब्दांपेक्षा कळणारे पाच शब्द त्याला बरे वाटतात. अर्थ कळला नाही तर आपण एकमेकांना 'बार्बारोस' ठरू, असंही तो म्हणतो. ग्रीकांच्या कानाला परक्याचं बोलणं बर-बर असं लागे, त्यावरून आलेला हा शब्द. आपली 'बडबड' तशाच आवाजातून आलेली.

आपल्याकडेही याचा धागा आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 साली जागृती, म्हणजे श्रद्धेची नवी लाट, सुरू झाली, तेव्हाच्या वृत्तांतांत मुली अशा वाणीने प्रार्थना करत असल्याचे उल्लेख आहेत. याच रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणलं.

अशा वाणीला महत्त्व देणाऱ्या पेंटेकॉस्टल पंथाच्या एका उपासनेत माझ्या शेजारच्या आजी डोळे मिटून बराच वेळ असंच बोलत होत्या. हाताची बोटं थरथरत होती, गालावरून पाणी वाहत होतं. मला एक शब्द कळला नाही, तरी मी हात जोडूनच होतो. मागाहून त्याच पत्रातलं 14:16 (अध्याय 14, वचन 16) पुन्हा वाचलं. न समजणारा तुझ्या उपकारस्तुतीला 'आमेन' कसं म्हणणार, असं पौल तिथे विचारतो. त्या दिवशी मी आमेन म्हटलं होतं.