'डेड सेल्स' : ड्रॅक्युलाच्या दुसऱ्या रूपापुढे हात टेकले, मदत हवी आहे

मंडळी, 'डेड सेल्स' या व्हिडिओ गेमचं 'रिटर्न टू कॅसलव्हेनिया' हे २०२३ चं डीएलसी (वेगळा विकत घ्यायचा जादा भाग) घेतलं आणि अडकलो. तो मोठा विळेवाला डेथ नावाचा बॉस (बलाढ्य शत्रू) चौथ्या खेपेला पडला. ड्रॅक्युलापुढे मात्र सतरा वेळा माती खाल्लीय.

पहिलं रूप आता पाठ झालंय. गायब होतो, भलतीकडे उगवतो, झगा उघडतो, आगीचे गोळे सोडतो. झगा हलला की मी त्याच्याच अंगावर रोल मारतो, पलीकडे निघतो आणि मागून दोन-तीन फटके देतो. लोभ करून चौथा मारायला गेलो की बसलीच.

पण मग तो अवाढव्य राक्षस होतो आणि माझी लय जाते. तोवर जीव भरून काढणाऱ्या फ्लास्कमध्ये एकच घोट उरलेला असतो, आणि तो प्यायला थांबलो की नेमका तेव्हाच दणका.

हातात 'प्युअर नेल' हे हत्यार आहे, २०२१ च्या अपडेटमध्ये 'हॉलो नाइट' या दुसऱ्या गेमकडून आलेलं. वर-खाली वार करता येतो, खाली मारला की उसळी मिळते, म्हणून जीव जडलाय. सोबत 'ग्वाकामेली' गेमची 'पोलो पॉवर' : कोंबडी व्हायचं आणि फुटणारी अंडी टाकायची. (हसू नका.) स्क्रोल (ताकद वाढवणाऱ्या रंगीत गुंडाळ्या) निम्मे लाल, निम्मे हिरवे. हत्यार बदलू की खेळायची पद्धत?

प्रतिसाद :
हत्यार राहू द्या, स्क्रोल सुधारा. एका रंगाचा प्रत्येक स्क्रोल त्या रंगाच्या हत्याराचा मार साधारण १५ टक्क्यांनी वाढवतो, तेही चक्रवाढीने. निम्मे-निम्मे केलेत म्हणजे अर्धी वाढ वाया. लढाई लांबते ती त्यामुळेच, आणि फ्लास्कही त्यामुळेच संपतो. दुसरं म्हणजे, ज्या बॉसशी एकदा गाठ पडली त्याच्याशी ट्रेनिंग रूममध्ये हवं तेवढं लढता येतं. तिथे दहा मिनिटं वार न करता नुसतं चुकवत राहा. कुठल्या हालचालीनंतर कुठला फटका येतो ते डोळ्यात बसेल. घोट कधी घ्यायचा तेही तिथेच कळेल.

धागाकर्ता :
ती खोली दिसली होती, पण नवशिक्यांसाठी असेल म्हणून आत पाऊलच टाकलं नाही! आज रात्री जातो. पुढच्या खेळीत सगळे स्क्रोल लाल. कोंबडी मात्र सोडणार नाही.